दूध झालं की कोण येणार?

चार वर्षांच्या माणसाला गोड बोलून गुंडाळता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या पाळणाघरात एकच दिवस येऊन बसावं. येताना जरा जपून बोलावं, एवढीच विनंती. तुम्ही सकाळी चपला काढताना सहज टाकलेलं वाक्य दुपारी भात कालवताना तुमच्यासमोर परत येतं, तेही सगळ्या पंगतीसमोर आणि मोठ्या आवाजात. आयुष्यभर मी हेच काम केलं आणि यापेक्षा थरारक काम मला माहीत नाही. लोक विचारतात, "काकी, पोरं सांभाळून कंटाळा नाही येत?" अहो, कंटाळायला जरा उसंत तर मिळायला हवी ना!

आमचं पाळणाघर कुणकेश्वरच्या रस्त्यापासून थोडं आत, माडांच्या बागेत. कौलारू पडवी, दोन खोल्या, मागे विहीर, तिला जाळी. मी आणि पारू, आम्ही दोघी. पारू स्वयंपाक करते, नाकं पुसते, आणि तिच्या कोंबड्या अंगणात फिरत असतात. मुलांच्या आया कोणी होमस्टेच्या स्वयंपाकघरात, कोणी शाळेत, कोणी पतसंस्थेत. बाप बरेचसे मुंबईला, काही बोटीवर. बोटीवर म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजांवर. आमच्या किनाऱ्याला बाप घरात नसणं ही काही बातमी नाही. बाप घरात असला तर शेजारी विचारतात, तब्येत बरी आहे ना?

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळणाघर म्हणजे खाऊ घालणं आणि झोपवणं. ती झाली हमाली. खरं काम वेगळंच आहे. प्रत्येक मूल दिवसभर मनात एकच प्रश्न घेऊन फिरत असतं, मला न्यायला कोण येणार, "माका न्हेवक कोण येतला?" त्याचं बरोबर उत्तर देणं, हे आमचं काम. मुलाला घड्याळ कळत नाही, म्हणून आमची वेळ वेगळी असते. कोणाची आई झोप झाली की येते, कोणाचा आजोबा झोपेनंतरचं दूध झालं की येतो, आणि ज्यांना सगळ्यांत उशीर होतो त्यांचं माणूस पारूच्या कोंबड्या खुराड्यात गेल्या की येतं. सांगितलं तसं माणूस आलं की मूल दुसऱ्या दिवशी हसत येतं. सांगितलं एक आणि झालं भलतंच, की पुढचा आठवडा माझ्या पदराला लोंबकळतं.

म्हणून आमच्याकडे नियम एकच. न्यायला येण्याबद्दल खोटं बोलायचं नाही. मूल खेळात रमलं की मागच्या पावली सटकणारे पालक मला मुळीच खपत नाहीत. एका हॉटेलवाल्या बापाला त्याने गाडी सुरू केल्यावर मी परत बोलावलं होतं. म्हटलं, "लेकीक सांगून जावा. रडतली ता मी बगतंय." तो बिचारा हेल्मेट घालूनच आत आला आणि लेकीला रीतसर टाटा करून गेला. पोरगी रडली, थांबली आणि वाळूत गेली. संपलं!

आता तुम्ही म्हणाल, अशा ठिकाणी मरणाचं काय काम? येतं हो. दप्तरातून येतं, डब्यातून येतं. एका मुलाची पणजी गेली आणि तेरावं झाल्यावर तो आला तो थेट 'मयत मयत' खेळायलाच लागला. एकाला चटईवर आडवं केलं, दोघांना रडायला बसवलं, स्वतः पुढे मडकं म्हणून पाण्याची बाटली घेऊन निघाला. मडक्यातून पाणी गळायला हवं म्हणून झाकण उघडं ठेवलं होतं, एवढी बारीक नजर! त्याच्याच आईने हे पाहिलं आणि ती माझ्यावर अशी तुटून पडली की विचारू नका. अभद्र, अपशकुन, पोरांना वळण नाही. मी तिला बसवलं, चहा दिला. म्हटलं, तू तुझ्या आजीच्या वेळी बायकांत बसून रडलीस, बोललीस, मन मोकळं केलंस. ह्याला कोण बोलू देणार? तो खेळून बोलतोय. चार दिवस मयत झालं, मग त्याच चटईची होडी झाली आणि सगळे मासे मारायला गेले.

आणि पारूचं पिल्लू! तिच्या तांबड्या कोंबडीचं एक पिल्लू सकाळी मेलेलं सापडलं. पारू ते उचलून माडाआड टाकणार, तोवर सगळी फौज गोळा झाली. "झोपला?" "नाय, मेला," पारू म्हणाली. बस, एवढंच. झोपलं नाही, देवाकडे गेलं नाही, गावाला गेलं नाही. मेलं म्हणजे आता खात नाही, त्याला थंडी वाजत नाही, दुखत नाही, आणि ते परत येत नाही. मुलांनी ते शेवग्याखाली पुरलं, वर शेवग्याचीच फुलं घातली, एक गाणंसुद्धा म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं असेल? उकरून पाहिलं! पारू ओरडत धावली. ते काम होतं ओवीचं. माती लागलेल्या हातांनी ती शांतपणे म्हणाली, "काकी, अजून मेलेलाच आसा." मला हसू आवरेना. खात्री करून घ्यायची होती तिला. पोरीची गंमत वाटली तेव्हा. ही गोष्ट फाल्गुनातली.

ह्याच ओवीची गोष्ट मला सांगायची आहे.

ओवीचा बाप संदेश मालवाहू बोटीवर होता. आजोबासुद्धा बोटीवरचाच, आता निवृत्त. गाव त्यांना भाऊ म्हणतं. आई प्राची पतसंस्थेत. ओवीला दूध झालं की भाऊ न्यायला यायचे, ठरलेलं. मागच्या सुट्टीत संदेशने आमच्या अंगणातल्या फणसाला झोपाळा बांधून दिला होता. त्या दोराला अशी काही गाठ मारली की पारू म्हणाली, "आता फणस पडात, पण झोपाळो पडूचो नाय."

ज्येष्ठात, बोट कुठेतरी लांबच्या बंदरात असताना, संदेश काम करता करता छातीत कळ येऊन गेला. त्याला मुंबईपर्यंत आणलं. भाऊ आणि प्राची मुंबईला गेले, तिथेच सगळं केलं आणि परत आले. तोवर ओवी मावशीकडे होती. तिने काहीच पाहिलं नाही. आणि घरच्यांनी तिला सांगितलं, "बाबा बोटीर आसत. चतुर्थीक येतले."

तुम्हाला हे वाक्य क्रूर वाटेल. थांबा जरा. भाऊ बोटीवर असताना त्यांच्या बायकोने लहानग्या संदेशला दर वर्षी हेच वाक्य सांगितलं होतं, आणि दर वर्षी भाऊ आले होते. संदेश बोटीवर गेल्यावर प्राचीने ओवीला हेच सांगितलं, आणि संदेशही आला होता. त्या घरात दोन पिढ्या हे वाक्य खरं ठरलं होतं. दुःखात माणूस हाताला येईल तो आधार धरतो, तसं त्यांनी तोंडात बसलेलं वाक्य धरलं. फक्त या खेपेला त्याच्यामागे माणूस नव्हता.

आषाढात ओवी पुन्हा यायला लागली. खेळायची, जेवायची. पण दुपारी उठली की माझ्याजवळ यायची. "काकी, चतुर्थी झोप झाल्यार येता, की दूध झाल्यार?"

झालं! आमच्याकडे 'कोण कधी येणार' याचं उत्तर खरंच मिळतं, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती घरी न विचारता मला विचारत होती. हो म्हणावं तर माझाच नियम मोडतो. नाही म्हणावं तर घरच्यांच्या आधी मी बोलणार कोण? मरणाची बातमी घरच्या माणसानेच द्यायची, आम्ही फक्त बाजूला बसायचं, असं मी मानते. म्हणून मी म्हणायचे, "चतुर्थी अजून लांब आसा गो," आणि तिला झोपाळ्यावर बसवायचे. तेवढं तरी खरं होतं.

प्राचीला मी एकटीला गाठलं. ती खांबाला टेकून म्हणाली, "काकी, माझ्या तोंडातसून शब्दच भायर पडना नाय. तुमीच सांगा." मी म्हटलं, "मी तुझ्या बाजूक बसतंय. पण सांगूचा तूच, नायतर भाऊन." ती म्हणाली, चतुर्थी होऊ दे. मग मी भाऊंच्या घरी गेले. भाऊ पडवीत बसून जाळं दुरुस्त करत होते. मी विषय काढला मात्र, माणूस भडकला.

"चेडवाक काय कळता? तिका आता कित्याक रडवूचा? वायच मोठी होवंदे!"

"भाऊनू, ती रडना नाय, ती वाट बगता. त्येचा काय करूचा?"

"तुझा पाळणाघर तुझ्याकडे ठेव, सुलू. ह्या माझा घर आसा."

मीही काही गरीब गाय नाही. म्हटलं, "ठेवतंय. पण चतुर्थीक ती फाटकाकडे उभी रवात, तेवा तुमीच तिका घरात घेवा." आणि तरातरा चालत आले. रस्ताभर स्वतःशीच भांडत होते. भाऊंना बोलले याचं काही वाटलं नाही, पण त्यांचा हात जाळ्याच्या एकाच भोकावर थांबलेला दिसत होता, तो काही डोळ्यांपुढून जाईना. तरीही आणखी जोर लावायला हवा होता. सगळा श्रावण आम्ही तिघांनी एकमेकांची तोंडं बघण्यात घालवला, त्याची हळहळ मला आजही आहे.

आणि मग आला भाद्रपद! आमच्याकडे चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे काय असतो, ते इथे जन्मल्याशिवाय नाही कळायचं. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, रंगाचा वास, रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग, घराघरात भिंती रंगवणं. आणि पाळणाघरात तर नुसता दंगा! "माझे बाबा आज येतले!" "माझे काका गाडी घेवन येतले!" "आमचो गणपती मोरार बसलोहा!" झोपायला एक तयार नाही, जेवायला एक तयार नाही. पारू म्हणाली, ह्यांना बांधून ठेवायला दोर पुरायचा नाही.

युवान म्हणून एक गोलमटोल मुलगा होता. त्याचाही बाप बोटीवरचा. तो आला! दुपारी भल्यामोठ्या बॅगेसकट थेट पाळणाघरातच आला, युवानला खांद्यावर घेतलं, सगळ्यांना चॉकलेटं वाटली. ओवीने चॉकलेट घेतलं, खाल्लं नाही. मुठीत धरून फाटकापाशी जाऊन उभी राहिली. रस्ता बघितला, परत आली, परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या म्हणाली, "काकी, आमच्याकडे यंदा गणपती नाय."

संदेशला जाऊन वर्ष फिरलेलं नव्हतं. घरात माटवी बांधायची नाही, गोड करायचं नाही, गणपती चुलत्यांकडे पुजायचा, असं भाऊंनी ठरवलं होतं. रीतच आहे ती. पण ह्या रीतीने त्यांचंच वाक्य मोडून पडलं, हे त्या मोठ्या माणसांच्या ध्यानात आलं नाही. ओवीच्या आलं.

"गणपती नाय, मगे बाबा खंय येतले?"

मी काही बोलायच्या आत युवान म्हणाला, "हंयच बांधूया माटवी. मगे तुझे बाबा हंयच येतले."

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची चौकट, रानातल्या फळाफुलांनी भरलेली. आणि बघता बघता सगळं पाळणाघर पेटलं! कोणी आंब्याची डहाळी ओढत आणली, कोणी तेरडा उपटला. हरणाची पिवळी फुलं आली. कुंपणावरच्या कवंडळाची लाल फळं काढायला पारूला शिडीवर चढवलं. कोणाच्या तरी डब्यातली काकडी गेली. सुपारीचा घोस, नारळ, एक कांदासुद्धा! कांदा माटवीला चालत नाही म्हणून भांडण झालं आणि कांदा हरला. मी थांबवायला हवं होतं का? माझा पाय उचलेना. त्यांच्या अंगात जो उत्साह संचारला होता, तो मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. माझेही हात शिवशिवत होते, खरं सांगते. पण माटवी पुरी झाली की ओवी फाटकाकडे धावणार, हेही दिसत होतं. मी पडवीतूनच भाऊंना फोन लावला. "भाऊनू, आज दुधाची वाट बगू नकात. आत्ताच येवा."

भाऊ आले तेव्हा पडवीच्या वाशाखाली काठ्यांची एक वाकडी चौकट लोंबत होती. एक कोपरा युवानने धरला होता. ओवी स्टुलावर उभी, हातात सुतळी.

"आजा, तू गाठ मार! माझी सुटता. बांधलंस काय बाबा हंय येतले."

भाऊ पुढे झाले. सुतळी हातात घेतली. ज्या माणसाने जन्मभर वादळात दोर बांधले, त्याच्या बोटांनी सवयीने पहिला वेढा घेतलासुद्धा. आणि तिथेच ती बोटं थांबली. ही गाठ मारली तर काय होईल, ते त्यांना दिसलं असावं. पारूच्या हातात दुधाचं पातेलं, तशीच.

भाऊंनी सुतळी सोडली. ओवीला स्टुलावरून उतरवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि तिला समोर उभी केली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"बाय माझे, माटवी बांधली तरी तुझो बाबा येवचो नाय. तो बोटीर नाय. तो मेलो."

ओवीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"पिल्लासारखो?"

"व्हय," भाऊ म्हणाले, "पिल्लासारखो."

फाल्गुनातलं ते पिल्लू आज कामी आलं होतं!

"मगे बाबांका थंडी वाजना नाय?"

"नाय गो."

"दुखना नाय?"

"नाय."

"माका आदी कित्याक नाय सांगलंस?"

भाऊ म्हणाले, "भियालंय गो. मी भियालंय." आणि तो राकट माणूस नातवंडांच्या वयाच्या सगळ्या फौजेसमोर ढसाढसा रडला. ओवीने आपल्या फ्रॉकने त्यांचं तोंड पुसलं. मग तीही रडली, मोठ्याने, तोंड उघडून. ती आषाढात परत आल्यापासून तिला असं रडताना मी प्रथमच पाहत होते. युवानने अजून कोपरा सोडला नव्हता.

थोड्या वेळाने ती उठली आणि झोपाळ्यावर जाऊन बसली. झोके घ्यायला लागली, तेही उंच उंच! भाऊ चरकले. "ह्या बगलंस? इतक्यात खेळता?" मी म्हटलं, भाऊनू, पोरं अशीच रडतात. थोडं रडतात, थोडं खेळतात, परत येऊन थोडं रडतात. आपल्यासारखा सगळा भार एकदम नाही उचलत ती. आणि तसंच झालं. ती मध्येच उतरून आली.

"आजा, तू मरतलंस?"

पारूने माझ्याकडे पाहिलं. इथे नव्वद टक्के माणसं "छे, छे" म्हणतात. पण भाऊंना आता कळलं होतं की ह्या पोरीशी कसं बोलायचं.

"मरतलंय. एक दिवस सगळीच मरतत. पण माका तशी काय घाई नाय."

ह्यावर ओवी विचार करून म्हणाली, "मगे आता गाठ मार. युवानाचो हात दुखता."

आणि भाऊंनी ती माटवी बांधली! ताठ, चौकोनी, झोपाळ्याच्या दोराला होती तशीच गाठ. पोरांनी असा काही जल्लोष केला की कोंबड्या पळाल्या. माटवीखाली आता कोणी यायचं नव्हतं, हे ओवीला माहीत होतं. तरी तिने फ्रॉकच्या खिशातून कालचं चॉकलेट काढलं, वितळून चपटं झालेलं, आणि मधोमध टांगायला लावलं. "ह्या बाबांचा," म्हणाली.

माझा फोन मिळून प्राची पतसंस्थेतून आली तेव्हा ओवी फाटकातच होती. "आई, बाबा मेले. आजान माका सांगल्यान." प्राचीने स्कूटर तशीच आडवी होऊ दिली आणि लेकीला उचलून घेतलं. इतके दिवस ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, हे तिनेच मला नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी ती आमच्या पडवीत, माटवीखाली, लेकीसमोर रडली. मी तिच्या बाजूला बसले, कबूल केल्याप्रमाणे.

निघताना ओवी पायरीवर थांबली.

"काकी, उद्या माका न्हेवक कोण येतला?"

मी भाऊंकडे पाहिलं. हे उत्तर माझं नव्हतं.

"मी," भाऊ म्हणाले. "दूध झाल्यार."

दुसऱ्या दिवशी पारूने दूध चुलीवर ठेवलंसुद्धा नव्हतं, तेवढ्यात फाटक वाजलं. भाऊ! धुतलेला सदरा, हातात छत्री, कपाळावर घाम. चालत नाही, पळत आलेला माणूस. उशीर होईल या धास्तीने दुपारचं जेवणही सोडून आला होता म्हणे. मी आत या म्हणणार, तोच ओवी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजा, अजून दूध जावचा आसा. भायर रव!"

आणि भाऊ फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले, दूध होईपर्यंत.